फोन ठेवल्यानंतरचं बोलणं

त्या दिवशी सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. गल्लीतली धूळ उठून दारादारांतून आत शिरत होती, पाट्या खडखडत होत्या. घड्याळांच्या चाकांत कण जाऊ नयेत म्हणून समोरच्या घड्याळजींनी आपल्या टेबलावर ओला रुमाल पसरला होता. ऊन होतं, पण पिवळट, आजारातून उठलेल्या माणसासारखं. मास्तरांनी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं आणि रेडिओ लावला. वकीलसाहेबांचं भाषण होतं.

मी तिथेच होतो, कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. मी या शिंपीदुकानातला टेलिफोन. काळा, जडशीळ, पोटावर आकड्यांची तबकडी असलेला. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे नेलं. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतोय, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या. मला शिक्षण नाही. अक्षर एकही येत नाही, आकडे तेवढे दहा येतात, तेही कुणी बोट घालून फिरवले तर.

भाषणाचं सांगतो, पण त्याला थोडं मागून यावं लागेल.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायच्या. प्रत्येक फोन कानाला लावून त्या "हॅलो, एक दोन तीन" म्हणायच्या आणि आवाज नीट आला की त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला खोक्यात घालायच्या. ती थाप मला अजून आठवते. मला वाटलं, आपल्याला काम नेमून दिलं: इकडच्याचं तिकडच्याला द्यायचं, आणि मध्ये कुणी नाही.

सुरुवातीची काही वर्षं मी एका दंतवैद्याकडे होतो. तिथे माणसांच्या खोडी कळल्या. समोरचा दिसत नसला तरी माणसं मान डोलावतात. खोटं बोलायचं असलं की आवाज गोड करतात आणि माझी वायर बोटाला गुंडाळतात. "डॉक्टर बाहेरगावी गेलेत" हे वाक्य मी डॉक्टरांच्याच तोंडून कितीदा ऐकलं असेल! पुढे ते खरंच बाहेरगावी गेले, कायमचे. मग मी मास्तरांकडे आलो.

मास्तरही माझ्यासारखेच, शाळेत न गेलेले. गिऱ्हाइकाचं माप ते वहीत लिहीत नसत. प्रत्येकाची कागदाची एक लांब पट्टी असायची. छाती इथे, खांदा इथे, बाही इथपर्यंत, असं करत पट्टीच्या कडेला कात्रीनं खाच पाडायची. भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि एकेका खिळ्याला एकेक माणूस टांगलेला. पट्टीवर नाव नाही, आकडा नाही. कुणाची कुठली आणि कुठली खाच कशाची, हे एकट्या मास्तरांना ठाऊक.

"तुमच्या बायकोला तरी वाचता येतात का हो या पट्ट्या?" घड्याळजी विचारायचे.

"नाही. आणि तिनं विचारलंही नाही."

"मग तुम्ही गेलात की अर्धं गाव उघडं पडेल."

"उघडं नाही पडणार," मास्तर म्हणायचे. "कुणाला कळणारच नाही कोण कुठे वाकडं आहे ते."

हा त्यांचा नेम होता. कुणाचं पोट सुटलंय, कुणाची पाठ वाकलीय, कुणाचा एक हात आखूड, हे या दुकानाच्या उंबऱ्याबाहेर जायचं नाही. कपड्यानं झाकायचं आणि शिंप्यानं तोंड मिटायचं.

त्यांची एक सवय मात्र फक्त मला माहीत होती. समोरच्यानं फोन ठेवला तरी मास्तर लगेच ठेवत नसत. रिसीव्हर कानाला तसाच धरून उरलेलं बोलायचे. कधी भांडण झालेल्या मेहुण्याला दोन शब्द सुनवायचे, कधी नुसतंच "बरं, बरं, सांभाळून राहा" म्हणायचे. तिकडे कुणी नसायचं. ते बोलणं माझं. कुणाकडे न्यायचं नाही, नुसतं ठेवून घ्यायचं. एवढ्या वर्षांत मला मिळालेलं स्वतःचं असं ते तेवढंच.

वकीलसाहेब गल्लीत येऊ लागले तेव्हा ते साधे वकील होते. आवाज असा की गल्लीच्या टोकाला उभा माणूसही ऐकत राहावा. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता, लहानपणी पडल्यामुळे. मास्तरांनी पहिल्याच कोटात आतून कापसाची गादी अशी बसवली की आरशात बघून वकीलसाहेबांचे डोळे भरून आले. "मास्तर, हे कुणाला…" ते म्हणू लागले, आणि मास्तर म्हणाले, "काय कुणाला? कोट आहे, अंगात घाला."

त्यांची पट्टी तिसऱ्या खिळ्यावर लागली.

त्या वेळच्या सरकारला वकीलसाहेब नकोसे झाले होते. त्यांच्या घरचा फोन ऐकला जायचा. बायकोशी बोललेलं दुसऱ्या दिवशी कचेरीतला माणूस त्यांना हसत हसत ऐकवायचा. म्हणून ते फोन करायला इथे यायचे. एकदा असंच बोलून झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मास्तर, आपल्या घरात बोलायची चोरी व्हावी, याच्याइतकं हलकं काही नाही. माझ्या हातात सत्ता आली ना, तर या यंत्राची शपथ, दोन माणसांच्या मध्ये तिसऱ्याचा कान बसू देणार नाही."

माझी शपथ कुणी घेतली होती का कधी! मी त्या दिवशी इतका फुललो की संध्याकाळपर्यंत माझी घंटा नेहमीपेक्षा मोठ्यानं वाजत होती. निदान मला तसं वाटलं.

ते निवडून आले, सरकारचे प्रमुख झाले. शपथविधीचा कोट मास्तरांनीच शिवला. त्या दिवशी सगळी गल्ली घड्याळजींच्या रेडिओभोवती जमली होती, आणि मास्तर प्रत्येकाला सांगत होते, "कॉलर बघायला हवी होती. अशी बसलीय!"

दोन वर्षांनी नवा कायदा आला. देशाच्या सुरक्षेसाठी कुणाचाही फोन ऐकायची मुभा. पूर्वी न्यायाधीशाला विचारावं लागायचं, आता तेही नाही. घड्याळजी पेपर हातात घेऊनच दुकानात शिरले.

"काय मास्तर, तुमच्या वकिलानं कान काढायचे म्हटलं होतं ना? हे तर आणखी जोडले!"

"चोरांसाठी असेल ते," मास्तर म्हणाले. "मी ओळखतो त्यांना. तीस वर्षं माप घेतोय."

"छातीचं घेता. आतलं कुठे घेता?"

मास्तर चिडले. दोन दिवस त्यांनी घड्याळजींचा चहा घेतला नाही.

त्याच सुमारास एका दुपारी लाईनमन आला. "तक्रार आहे तुमच्या फोनची," म्हणाला.

"मी नाही केली," मास्तर म्हणाले.

"कुणीतरी केलीच असेल हो." त्यानं मला उचललं, उलटं केलं, परत ठेवलं. मग बाहेर खांबावर चढला आणि बराच वेळ तिथे होता. तेव्हापासून आवाजात काहीतरी कमी येऊ लागलं. भरलेल्या पेल्यातलं कुणीतरी आधी घोटभर प्यायलेलं असावं, तसं. मला वाटलं, वय झालं आपलं.

आता मला कळतं ते कशासाठी होतं. विरोधी पक्षाच्या पुढारीण बाई आपली जाकिटं मास्तरांकडेच शिवायच्या. माप चाललेलं असताना त्यांची माणसं माझ्यावरून दोन फोन करायची. मास्तरांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांच्या भिंतीवर बाई नवव्या खिळ्यावर आणि वकीलसाहेब तिसऱ्यावर, दोघंही गुण्यागोविंदानं लटकत होते.

आणि याच काळात मास्तरांची नजर जाऊ लागली.

आधी सुईत दोरा जाईना, मग काळ्या कापडावरचा काळा टाका दिसेना. बायकोला सांगितलं नाही, ती घाबरली असती. गल्लीत सांगितलं नाही. नजर गेलेल्या शिंप्याकडे कापड कोण टाकणार? फक्त मुलीला सांगितलं. ती लांबच्या शहरात इस्पितळात नर्स आहे. दर रविवारी मास्तर तिला फोन लावायचे.

"बाबा, मोतीबिंदू असेल. माझ्याकडे या, दोन दिवसांचं काम आहे."

"येतो गं बायो. हातातले कोट होऊ देत. पण कुणाला बोलू नकोस हं. एकदा का बोभाटा झाला की संपलं."

"कुणाला बोलणार मी? बरं, ठेवते, ड्युटीची वेळ झाली."

तिनं ठेवला. मास्तरांनी नेहमीप्रमाणे ठेवला नाही. मला घट्ट कानाशी धरून हळूच म्हणाले, "तुला नाही सांगितलं पोरी, काळजी करशील. पट्ट्यांवरच्या खाचासुद्धा दिसत नाहीत आता. बोटांनी चाचपून वाचतो."

ते मी ठेवून घेतलं. निदान मी तसं समजत होतो.

तर तो वाऱ्याचा दिवस. रेडिओवर वकीलसाहेब बोलत होते. मास्तर मान डोलावत काज करत होते. भाषणाच्या मध्यावर वकीलसाहेब म्हणाले, "काही लोक ओरडतात की सरकारनं घराघरात कान लावलेत. मी छातीवर हात ठेवून सांगतो, सामान्य माणसाच्या फोनला आम्ही हात लावलेला नाही. दाखवून द्या, त्या दिवशी खुर्ची सोडतो." टाळ्या झाल्या. मास्तरांनी सुई थांबवून घड्याळजींच्या दुकानाकडे बघितलं. ऐकलंत ना, असं ते बघणं होतं.

मग वकीलसाहेबांचा आवाज मऊ झाला. "माझे कपडे शिवणारे मास्तर आहेत, एका छोट्या गल्लीत. आज त्यांची दृष्टी चालली आहे. मापाच्या पट्ट्यांवरच्या खाचा ते बोटांनी चाचपून वाचतात, पण हातातलं काम सोडत नाहीत. अशा कष्टकऱ्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया यापुढे सरकार करील!"

पुन्हा टाळ्या. पहिल्यापेक्षा जोरात.

मास्तरांची सुई कापडातच राहिली. आतल्या खोलीतून त्यांची बायको बाहेर आली आणि दारातच उभी राहिली. "तुम्हाला दिसत नाही?" एवढंच म्हणाली.

दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकं आपापली कापडं परत घेऊन गेली. मोठ्या अदबीनं. एक म्हणाले, "घाई नाही मास्तर, आधी डोळ्यांकडे बघा." चौथ्यानं तर येण्याचेही कष्ट घेतले नाहीत, शेजाऱ्याला पाठवलं.

संध्याकाळी माझी घंटा वाजली. वकीलसाहेब स्वतः होते.

"ऐकलंत का मास्तर? कसं वाटलं?"

"उपकार झाले," मास्तर म्हणाले. ते खरंच गहिवरले होते आणि खरंच मोडलेही होते, दोन्ही एकदम. "पण साहेब, तुम्हाला हे कळलं कुठून?"

तिकडे वकीलसाहेब खाकरले. दंतवैद्याकडे काढलेली वर्षं मला आठवली. तिकडे वायर बोटाला गुंडाळली जात असणार, हे मी इथून ओळखलं.

"तुमच्या मुलीनं कळवलं की. काळजी वाटते हो पोरीला," वकीलसाहेब गोड आवाजात म्हणाले.

मी ओरडणार होतो. पण मला आवाज कुठला? मी दुसऱ्यांचाच आवाज नेणारा.

मास्तरांनी लगेच मुलीला फोन लावला. मी इतकी वर्षं त्यांच्या कानाशी राहिलो, पण तसे ते कधी बोलले नव्हते. "एवढं एक सांगितलं होतं तुला, तेही राखता आलं नाही? बापाचं दुकान बसवलंस!" ती म्हणत होती, "बाबा, मी कुणाशी एक शब्द नाही बोलले." मास्तर म्हणाले, "म्हणजे ते खोटं बोलतात? एवढा मोठा माणूस?" त्या दिवशी त्यांनी तिच्या आधी फोन ठेवला. ठेवल्यानंतरचं बोलणं झालं नाही.

सहा रविवार गेले. मास्तरांनी तिला फोन लावला नाही. मास्तर रविवारी मला फडक्यानं पुसायचे, तबकडीत बोट घालायचे आणि काढून घ्यायचे.

सातव्या रविवारी ती स्वतःच आली. बसनं, सकाळीच, हातात एक पिशवी. आत पाऊल टाकताच म्हणाली, "फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही, म्हणून आले. बाबा, तो माणूस नक्की काय बोलला भाषणात? मी ऐकलंच नाहीये."

मास्तर तोंड फिरवून म्हणाले, "तू सांगितलंस तेच. नजर चाललीय. खाचा बोटांनी चाचपतो."

"कसल्या खाचा?"

"पट्ट्यांवरच्या."

"तुम्ही खाचा बोटांनी चाचपता?" ती खाली बसली. "हे मला कधी सांगितलंत तुम्ही?"

मास्तर बोलायला गेले आणि थांबले. त्यांची मान हळूहळू माझ्याकडे वळली.

"नाही सांगितलं," ते म्हणाले. "तू फोन ठेवला होतास."

मग ते उठले, मुलीजवळ गेले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. माफी मागायची त्यांना कधी सवय नव्हती. ती म्हणाली, "असू दे बाबा." पण ती रडत होती, आणि ते सहा रविवार काही परत येणार नव्हते.

पुढच्या आठवड्यात वकीलसाहेब आले. नव्या कोटाचं कापड घेऊन, दोन माणसं बाहेर उभी करून. येता येता सवयीनं त्यांनी माझ्या पाठीवर हात टेकला.

"वकीलसाहेब," मास्तर म्हणाले, "खाचांचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगितलं ना मास्तर, तुमच्या मुलीनंच."

"तिला ठाऊक नव्हतं. ती फोन ठेवून गेल्यावर मी बोललो ते. या यंत्राशी."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. शपथ घेतली होती त्यानंतर पहिल्यांदा. तापल्या तव्यावरून उचलावा तसा त्यांनी हात उचलला.

"बसा मास्तर. हे बघा, राज्य चालवायचं म्हणजे डोळे मिटून चालत नाही. तुमच्याकडे त्या बाई येतात, त्यांची माणसं येतात. रोख तुमच्यावर नव्हताच. कागद समोर आला, तुमचं वाचलं, वाईट वाटलं, म्हणून बोललो. भलंच केलं ना? आणि तुमच्यासारख्या सरळ माणसाकडे लपवण्यासारखं काय असणार?"

"होतं की," मास्तर म्हणाले. "डोळे होते."

वकीलसाहेबांनी हातातलं कापड टेबलावर ठेवलं.

"आणि तुमचा खांदा होता." मास्तर भिंतीकडे गेले. बोटांनी खिळे मोजत तिसऱ्यापाशी थांबले आणि पट्टी काढून आणली. जुनी, पिवळी पडलेली, तीस वर्षांच्या खाचांची. "ही तुमची. दुसरी नक्कल नाही. नव्या शिंप्याला द्या. डाव्या बाजूला गादी लागते म्हणावं, बोटभर."

"मास्तर, एवढ्याशा गोष्टीसाठी?"

"माझं ऐकलंत, ते एक वेळ सोडतो. पण पोरीवर ढकललंत तुम्ही. आणि मी तुमचं खरं मानलं हो, तिचं नाही."

वकीलसाहेबांनी पट्टीची घडी केली, खिशात घातली. दारात थांबून हळू आवाजात विचारलं, "बाहेर बोलणार आहात?"

"तुमच्या खांद्याचं? नाही. माझ्या डोळ्यांचं बोलेन. ते माझं आहे."

कापड तसंच न कापता परत गेलं.

मास्तर बोलले. बातमीदार आले त्यांना सांगितलं, फोन ठेवल्यानंतरचं बोलणं कुठे पोचलं ते. छापूनही आलं. वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर मला वडिलांसारखे. वय झालंय, आठवत नाही त्यांना कुणाशी काय बोलले ते." खुर्ची त्यांनी सोडली नाही. एका बातमीदारानं मास्तरांना खोदून विचारलं, "त्यांचं एखादं गुपित नाही का तुमच्याकडे?" मास्तर म्हणाले, "मी शिंपी आहे." त्याला वाटलं म्हाताऱ्याला प्रश्न कळला नाही.

मग एका सकाळी त्यांनी ती मोठी कात्री उचलली. त्या कात्रीनं त्यांनी कापडाशिवाय काही कापलं नव्हतं, त्या पट्ट्यांचे कागद सोडले तर. माझी वायर हातात धरून म्हणाले, "तुझा दोष नाही रे बाबा," आणि कापली. दुखलं नाही. आतून काहीतरी गळून गेल्यासारखं झालं. खरं सांगू, बरंच वाटलं.

डोळ्यांचं काम मुलीच्या इस्पितळात झालं. एका डोळ्यानं आता लख्ख दिसतं. गिऱ्हाइकं निम्मी परतली. तिसरा खिळा रिकामा आहे, तिथे मास्तर काही टांगत नाहीत. मुलगी सुट्टी मिळाली की बसनं येते, आणि बापलेक दारात बसून बोलतात.

मी अजून कापायच्या टेबलावरच आहे. कापड सरकू नये म्हणून मास्तर मला त्यावर ठेवतात. जड आहे, उपयोगी पडतो. एकच सल राहिला आहे. माझी शपथ घेऊन ज्यानं शब्द दिला, त्यानं मलाच फितूर केलं, आणि माझ्या पोटातून एका बापाचं गुपित जाताना मला कळलंसुद्धा नाही. तुमच्या घरी माझ्या जातीतलं कुणी असेल, तर त्याला दोष देऊ नका. शब्द देणारा कोण होता ते मात्र विसरू नका.

काल सुती कापडाचा तागा संपला आणि मास्तर जरा बसले. मुलगी सकाळीच परत गेली होती. सवयीनं त्यांनी माझा रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि हळूच म्हणाले, "पोचली असेल ना आता…" इतक्यात घड्याळजी चहा घेऊन दारात आले. मास्तर ओशाळले, रिसीव्हर खाली ठेवू लागले. घड्याळजींनी लोंबकळणारी तुटकी वायर बघितली, थट्टा करायला तोंड उघडलं, आणि केली नाही. चहा टेबलावर ठेवून ते म्हणाले, "बोला मास्तर, पोटभर बोला. आता फक्त तोच ऐकतोय."